पूर्व आफ्रिकेच्या रानात, लेखांक ४ : आधी महिना, मग उद्यान

सफारीचा बेत करताना बहुतेक जण उद्यानांची यादी घेऊन बसतात आणि सुट्टी मिळेल तेव्हा निघतात. आधी महिना ठरवा. इथलं जनावर गवत आणि पाण्यामागे चालतं, म्हणून कुठे किती दिवस राहायचं हे महिन्यावरच ठरतं.

उत्तर टांझानियाचंच पाहा. सेरेंगेटीच्या दक्षिणेला न्डुटूच्या माळावर ज्वालामुखीची राख मुरलेली आहे. तिथल्या आखूड गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर. दुभत्या मादीला नेमकं तेच लागतं. म्हणून जानेवारी ते मार्च विल्डबीस्टचे कळप इथे चरतात. यांची एकूण संख्या सुमारे 13 लाख! फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत बहुतेक माद्या वितात. अंग ओलं असतानाच वासरू लटपटत उभं राहतं, पडतं, पुन्हा उठतं आणि थोड्याच वेळात आईमागे धावू लागतं. तरस आसपास घिरट्या घालत असतात, पण एकदम इतकी वासरं जन्मतात की बरीचशी वाचतात. पाऊस सरला की माळावर पाणी उरत नाही. मग कळप उत्तरेकडे सरकतात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर मारा नदीच्या परिसरात असतात.

तारांगिरेचं उलट आहे. जून ते ऑक्टोबर आजूबाजूचं रान सुकतं, तेव्हा हत्ती तिथल्या नदीकडे येतात. पात्रातली वाळू पायाने उकरून, झिरपलेलं पाणी सोंडेने ओढणारा हत्ती इथे पाहायला मिळतो. पावसात हेच हत्ती दूरवर पांगतात. न्गोरोंगोरोच्या विवरात मात्र बारमाही पाणी असल्याने प्राणी वर्षभर दिसतात. तिथे एक दिवस पुरतो.

थोडक्यात, फेब्रुवारीत जाणार असाल तर न्डुटूला तीन मुक्काम द्या आणि तारांगिरे उरकतं घ्या. ऑगस्ट-सप्टेंबरात तारांगिरेला दोन आणि उत्तर सेरेंगेटीला तीन.

आठवड्याच्या दौऱ्यात केनियाचं मसाई मारा कोंबू नका. नकाशात ते सेरेंगेटीला लागूनच आहे, पण तिथली सरहद्द जनावरांना खुली, पर्यटकांना बंद. इसेबानिया किंवा नामांगाच्या नाक्यावरून वळसा घालावा लागतो आणि बहुतेक दिवस रस्त्यातच जातो. केनियाला जायचंच असेल तर पीतज्वराची लस निघण्याआधी किमान 10 दिवस घ्या आणि प्रमाणपत्र जवळ ठेवा. ते नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात राहावं लागू शकतं.

ताडोब्यात सकाळ-दुपारच्या फेऱ्या ठरलेल्या असतात. सेरेंगेटीत डबा घेऊन सकाळी सहा ते संध्याकाळी सहा रानात राहता येतं. म्हणून यादीतलं एक उद्यान कमी करा आणि तो दिवस दुसऱ्या उद्यानाला द्या. पुढच्या आठवड्यात गाडी आणि गाईड कसा निवडायचा ते पाहू.