उघड्या रस्त्यावरचा बंद बोगदा

आमच्या तालुक्यातील एका पतसंस्थेच्या दोन शाखा आहेत. माझ्या आईची बचत लहान शाखेत आहे. तिच्या खात्याचा आकडा रोज इंटरनेटवरून मोठ्या शाखेत जातो, हे कळल्यापासून मला स्वस्थ बसवेना. इंटरनेट म्हणजे हमरस्ता. वाटेत कुणीही पाकीट उघडून पाहावे असा. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला ही उठाठेव कशाला, असे काहीजण विचारतील. पैसे आमचे आहेत, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते.

'बोगदा' म्हणजे जमिनीखालची निराळी तार नव्हे. शाखेतील संगणकांचे पत्ते खाजगी असतात, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे. तेच पत्ते घरोघरी असल्यामुळे बाहेर ते चालत नाहीत. म्हणून शाखेचा राउटर मूळ पाकीट, आतल्या पत्त्यासकट, कूटलिपीत गुंडाळून दुसऱ्या पाकिटात घालतो आणि वर समोरच्या राउटरचा सार्वजनिक पत्ता लिहितो. पलीकडे वरचे पाकीट फाडले जाते. दोन्ही शाखांचे आतले क्रमांक एकच असतील तर मात्र घोटाळा होतो. आधी एका शाखेचे बदलावे लागतात.

कूटलिपीला किल्ली हवी, आणि ती दोघांकडे एकच हवी. मग ती पाठवायची कशी? याच उघड्या रस्त्याने? इथे माझी मती गुंग झाली. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली यावर तोड प्रसिद्ध केली. वाचकहो, कागद घ्या. दोघांनी चारचौघांत ७ आणि २३ हे आकडे ठरवले. पहिल्याने मनात ३ धरले: ७ चा तिसरा घात ३४३, त्याला २३ ने भागून बाकी २१. दुसऱ्याने ४ धरले: चौथा घात २४०१, बाकी ९. या बाक्या त्यांनी ओरडून एकमेकांना सांगितल्या. आता पहिल्याने ९ चा तिसरा घात काढला, दुसऱ्याने २१ चा चौथा. २३ ने भागता दोघांचीही बाकी १६! किल्ली तयार झाली, पण रस्त्यावरून गेली नाही. एवढे लहान आकडे कुणीही शोधील. खरे आकडे प्रचंड असतात. मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत आलेल्या वायरगार्डमध्ये गणित निराळे आहे, युक्ती हीच.

पण पलीकडे ओरडणारा खरोखर आपलाच माणूस कशावरून? हे या गणिताला सांगता येत नाही. म्हणून वायरगार्डमध्ये प्रत्येक राउटरला दुसऱ्याची जाहीर किल्ली आधीच लिहून द्यावी लागते. शिवाय कोणत्या पत्त्यावरून कुठे, केव्हा, किती माल गेला हे बाहेरून दिसतेच. आणि बोगदा राउटरपाशी संपतो. तेथून टेबलापर्यंत आकडा पुन्हा उघडाच असतो, आणि त्या टेबलावरच्या संगणकाचा पासवर्ड पुष्कळदा पडद्याच्या कडेला चिकटवलेला असतो.