ताठरणाऱ्या लेकरासाठी हलती बैठक



काही घरांत असे लेकरू असते, की त्याचे अंग एकाएकी ताठ होते. कंबर व गुडघे सरळ होतात, पाठ कमानीसारखी होते, मान मागे जाते. कोणी म्हणतो मूल हट्टी आहे, कोणी म्हणतो बाहेरची बाधा आहे. दोन्ही समज चुकीचे. जन्मापूर्वी, जन्मताना किंवा तान्हेपणी मेंदूला इजा झाली, तर स्नायूंना मिळणारे हुकूम बिघडतात. या विकारास सेरेब्रल पाल्सी म्हणतात. लंडनचे डॉ. विल्यम जॉन लिटल यांनी १८६२ साली त्याचे सविस्तर वर्णन केले. हे ताठरणे मुलाच्या हाती नसते.

अशा मुलाला चाकाच्या खुर्चीत पट्ट्यांनी घट्ट आवळले तर काय होते? अंग जोराने रेटते, खुर्ची जागची हलत नाही. मूल पुढे घसरते, पट्टा कातडीला काचतो, पाय ठेवायची पाटी मोडते. जोर ओसरला तरी मूल वाकडेच बसून राहते.

म्हणून हलती बैठक निघाली. तिची पाठ बिजागरीवर असते व मागे स्प्रिंग किंवा रबरी ठोकळा असतो. मुलाने रेटले की पाठ मागे जाते. जोर ओसरला की ती हळूच परत येते व मुलाला पूर्ववत बसते करते. पायाची पाटीही तशीच सरकते. ट्रॅक्टरच्या बैठकीखालची स्प्रिंग धक्का पोटात घेते, तसेच हे. मात्र बिजागरी कमरेच्या सांध्याजवळ हवी आणि स्प्रिंग मुलाच्या वजनाला व जोराला जुळणारी हवी. म्हणून ती अंदाजाने बनवून घेऊ नये. थेरपिस्टकडून माप घ्यावे. सर्वांनाच ती लागते असे नाही. काहींना मापाची साधी बैठकही पुरते.

घरी एवढे पाळावे :

१. बसवताना कुल्ले अगदी मागे टेकवावेत. कंबर, गुडघे व घोटे काटकोनात असावेत. पाय लोंबकळू देऊ नयेत.

२. अंग ताठले की पाय ओढू-दाबू नयेत. थोडे थांबून कंबर व गुडघे सावकाश वाकवावेत.

३. भरवताना मान मागे नसावी. घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

४. रोज रात्री कंबर, माकडहाड व टाचा पाहाव्यात. लाली दाबूनही जात नसेल तर तेथे भार देऊ नये व डॉक्टरांना दाखवावे.

५. ताठरणे अचानक वाढले तर दुखणे शोधावे : बद्धकोष्ठ, लघवीचा दाह, किडका दात, जखम, घट्ट बूट. शुद्ध हरपली तर ती फिट असू शकते. डॉक्टरांना लगेच दाखवावे.

२०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. सरकारी इस्पितळातून दाखला काढावा. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना साधने मिळतात. कानपूरची सरकारी कंपनी अलिम्को या मुलांसाठी खास खुर्ची बनवते. तिची पाठ हलती नसली, तरी मापाने बसवल्यास मोठा आधार होतो.

मोठ्या आवाजाने ही मुले दचकून ताठरतात. मिस्साच्या वेळी घंटा वाजून असे झाले, तर वळून पाहू नये. बाकांच्या रांगेत त्या खुर्चीला जागा करून द्यावी. तेही प्रभूचेच लेकरू आहे.