‘कोसला’नंतरची बारा वर्षं

कादंबरी लिहायला किती दिवस लागतात? सावेडीत, प्रोफेसर कॉलनीच्या आसपास, लिहू पाहणारी बरीच मुलंमुली राहतात. त्यांच्या मनात हा प्रश्न असतोच. भालचंद्र नेमाड्यांची उमेदवारीची वर्षं पाहिली तर त्याचं उत्तर बरंचसं उलगडतं. त्या वर्षांत आपलं नगरही आहे.

नेमाडे १९३८ साली जन्मले, रावेर तालुक्यातल्या सांगवीत. शिकायला पुण्यात फर्ग्युसनला, पुढे डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राला. १९६३ मध्ये, पंचविशीत, त्यांनी ‘कोसला’ लिहिली, तीही काही आठवड्यांत. पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी ती त्याच वर्षी काढली.

इतक्या झपाट्यानं लिहून झालं, कारण ऐवज आधीच साठला होता: खेडं, पुणं, वसतिगृह, वडिलांच्या पैशावरचं शिक्षण. पण नुसत्या ऐवजाची कादंबरी होत नाही, त्याला घाट लागतो. ‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर आपली हकिगत स्वतःच सांगतो, पण एका सुरात नाही. एक अख्खं वर्ष रोजनिशीतून येतं. एका ठिकाणी तो आणि त्याचा मित्र सुरेश बापट पुढच्या सहस्रकातले इतिहाससंशोधक होतात आणि आपल्याच काळाची चिकित्सा करतात. हे सगळं वाचताना हसू येतं. आणि मग धाकटी बहीण मनी देवीनं जाते. आधी इतकं हसवलं म्हणूनच ते मरण असं अंगावर येतं. नव्या लेखकानं ही पानं पुन्हापुन्हा वाचावीत; दुःखाला जागा कशी करून द्यायची ते इथं शिकता येतं.

दुसरी कादंबरी मात्र १९७५ साली आली. मधल्या काळात मुंबई विद्यापीठाची इंग्रजीची एम.ए. झाली. अहमदनगर, धुळे, औरंगाबाद अशा गावांत प्राध्यापकी झाली, ‘वाचा’ हे अनियतकालिक चालवून झालं आणि १९७० मध्ये ‘मेलडी’ हा कवितासंग्रह आला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, कादंबरीकार थांबला. पण पुढच्या कादंबऱ्यांचा नायक चांगदेव पाटील हा गावोगाव नोकरी करत फिरणारा प्राध्यापक आहे. परक्या गावातली भाड्याची खोली, स्टाफरूममधलं राजकारण, संस्थाचालकांची मर्जी हे पंचविशीत कल्पनेनं लिहिता आलं नसतं. त्यासाठी नोकऱ्याच कराव्या लागल्या.

तो ऐवज जमल्यावर पुन्हा वेळ लागला नाही. ‘बिढार’ आणि ‘हूल’ १९७५ मध्ये, ‘जरीला’ १९७७ मध्ये, ‘झूल’ १९७९ मध्ये. पाच वर्षांत चार कादंबऱ्या.