‘घाशीराम’: १७९१चे पुणे आणि माणसांची भिंत

पुण्याच्या सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ रोजी विजय तेंडुलकर यांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. ज्या शहरात १७९१ मध्ये घाशीराम सावळदास या कोतवालाला संतप्त जमावाने दगडांनी ठेचून मारले, त्याच शहरात १८१ वर्षांनी त्याची कथा नृत्य-संगीतासह रंगमंचावर उभी राहिली. हौशी रंगकर्मींना हक्काचे व्यासपीठ देणाऱ्या आणि १८९४ पासूनची परंपरा सांगणाऱ्या संस्थेची ही वास्तू त्या प्रयोगामुळे मराठी नाट्येतिहासातील एका मोठ्या वादाची साक्षीदार ठरली. सत्य घटनेवर आधारलेल्या नाटकाने इतिहासाशी किती प्रामाणिक राहावे, हा त्या वादाचा गाभा होता.

इतिहास काय सांगतो?

सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, १७७७ मध्ये घाशीरामाकडे पुण्याची कोतवाली आली. शहराचा बंदोबस्त, रात्रीची गस्त आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ही कोतवालाची कामे. कारभाराची सूत्रे नाना फडणवीसांकडे होती. ऑगस्ट १७९१ मध्ये दक्षिणेकडून आलेल्या ब्राह्मणांना घाशीरामाच्या चौकीत एका कोंदट जागी डांबण्यात आले आणि त्यांपैकी वीसहून अधिक जण गुदमरून मरण पावले. शहर खवळले. अखेर कोतवालाला जमावाच्या स्वाधीन करण्यात आले. ही घटना पुढेही विस्मरणात गेली नाही. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्येच ‘घाशीराम कोतवाल’ या नावाने पुस्तक लिहिले होते.

तेंडुलकरांनी या घटनेचा सांगाडा घेतला, कथा मात्र स्वतःची रचली. नाटकातील घाशीराम कनोजहून पोटासाठी पुण्यात येतो, चोरीच्या खोट्या आरोपाखाली अपमानित होतो आणि सूड उगवण्यासाठी स्वतःची मुलगी नानांच्या हवाली करून कोतवाली मिळवतो. या व्यवहाराला इतिहासात भक्कम आधार नाही आणि आक्षेपाचे मूळही तेथेच होते. नाटक ऐतिहासिक नाही, असे लेखकाने स्वतःच स्पष्ट केले होते. सत्ताधारी आपल्या सोयीसाठी क्रूर माणूस कसा उभा करतात आणि सोय संपताच त्यालाच जमावापुढे कसा टाकतात, हे त्यांना दाखवायचे होते.

पडद्याऐवजी माणसे

हा आशय प्रेक्षकांपर्यंत पोहोचला तो प्रयोगाच्या रूपामुळे. कोकणातील खेळे-दशावतारासारख्या लोककलांचा आधार घेत डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शन केले. संगीत भास्कर चंदावरकर यांचे, तर नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. रंगमंचावर बारा ब्राह्मणांची रांग उभी राहते. ती गाते, डुलते, मध्येच पाठ फिरवते. हीच रांग कधी पडदा, कधी वाड्याची भिंत, कधी बघ्यांची गर्दी होते. भजन-कीर्तनाचे सूर आणि लावणीचा ठेका एकाच प्रवाहात येतात. भिंतीपुढे देवाचे नाव चालू असते आणि भिंतीआड अत्याचार. ती भिंत माणसांचीच असल्याने, पाठ फिरवणारे सारेच त्या अत्याचाराचे भागीदार ठरतात. संगीत येथे केवळ विरंगुळा राहत नाही. झाकणे आणि उघड करणे, ही दोन्ही कामे ते करते.

बंदी नव्हे, माघार

नाटकाने ब्राह्मण समाजाची आणि नाना फडणवीसांची बदनामी केली, असा आरोप झाला. सरकारी बंदी आली नाही. परंतु निर्मिती करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचे प्रमुख भालबा केळकर यांनी १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवले. त्यामुळे बाहेर पडलेल्या तरुण कलावंतांनी २७ मार्च १९७३ रोजी ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली आणि जानेवारी १९७४ मध्ये ‘घाशीराम’ पुन्हा रंगमंचावर आणले. डॉ. मोहन आगाशे यांचा नाना आणि रमेश टिळेकर यांचा घाशीराम रसिकांच्या स्मरणात राहिला. १९८० मधील युरोप दौऱ्यालाही तीव्र विरोध झाला. तरीही नाटक परदेशात पोहोचले आणि त्याची वाखाणणी झाली.

नानांसारख्या मुत्सद्द्याचे हे चित्र एकांगी आहे, हा आक्षेप इतिहासाच्या कसोटीवर चुकीचा म्हणता येणार नाही. नानांचा राजकीय वकूब समजून घ्यायचा, तर कागदपत्रांकडेच वळावे लागेल. परंतु एका कोतवालाला शिक्षा झाली म्हणजे न्याय झाला का, हा प्रश्न कागदपत्रे विचारत नाहीत. नाटकाच्या अखेरीस घाशीराम मरतो आणि नाना उत्सवाची आज्ञा देतात. कोतवाल जातो, त्याला नेमणारा हात मात्र शाबूत राहतो. १७९१च्या पुण्यातून तेंडुलकरांनी उचललेले खरे सूत्र हेच आहे.