सर्व्हर स्लो आहे, म्हणजे नेमकं काय स्लो आहे?

आजचा विषय अगदी रोजच्या कामातला आहे. ऑफिसात, शाळेत, फोटो स्टुडिओत, हल्ली घरीसुद्धा एक स्टोरेज सर्व्हर असतो. आपण त्याला नॅस म्हणतो. सगळ्यांच्या फाइल्स एका जागी राहाव्यात म्हणून तो घेतलेला असतो. आणि महिन्याभरात तक्रार सुरू होते, "सर्व्हर फार स्लो आहे हो."

ही तक्रार हसण्यावारी नेऊ नका. सर्व्हर स्लो वाटला की लोक तो वापरायचंच सोडतात. फाइल डेस्कटॉपवर ठेवतात, पेन ड्राइव्हवरून फिरवतात. रात्रीचा बॅकअप सकाळपर्यंत संपत नाही, म्हणून कुणीतरी तो बंद करून टाकतं. मग एक दिवस त्या कॉम्प्युटरची डिस्क जाते आणि लक्षात येतं, की वर्षभराच्या कामाची दुसरी प्रत कुठेच नाही.

आता उपाय काय करतात? नवा सर्व्हर घेतात. तो दुरुस्तीचा सगळ्यात महाग भाग, आणि पुष्कळदा दोष त्यात नसतोच. नळाला धार बारीक आली, तर आपण लगेच टाकी बदलतो का? आधी तोटी बघतो, मग पाइप, मग टाकी. इथेही तसंच करायचं. फाइल एका टोकाच्या डिस्कवरून निघते, केबलमधून किंवा वाय-फायमधून जाते, स्विच ओलांडते आणि पलीकडच्या डिस्कवर लिहिली जाते. यातला प्रत्येक टप्पा वेगळा मोजायचा.

पहिली गोष्ट, आकडा वाचायला शिका. एक मोठी फाइल घ्या, चार-पाच गिगाबाइटचा व्हिडिओ चालेल. ती सर्व्हरवर कॉपी करा आणि खिडकीत दिसणारा वेग लिहून ठेवा. तो मेगाबाइटमध्ये असतो. नेटवर्कचा वेग मात्र मेगाबिटमध्ये सांगतात, आणि आठ बिटचा एक बाइट होतो. म्हणजे गिगाबिट नेटवर्क, १००० मेगाबिटचं, जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट देणार. पाकिटांवरच्या पत्त्यांचा वगैरे खर्च वजा जाता हातात ११० च्या आसपास पडतात. तुम्हाला ११० दिसत असतील, तर नेटवर्क उत्तम चाललंय. त्याहून जास्त हवं असेल, तर नेटवर्कच वरच्या दर्जाचं लागेल.

आणि ११ दिसत असतील तर? बरोबर एक दशांश? हा आकडा लक्षात ठेवा. याचा अर्थ बहुधा असा, की मधला कुठला तरी दुवा १०० मेगाबिटवर चालतोय. नेटवर्क केबलमध्ये आठ तारा असतात, म्हणजे चार जोड्या. १०० मेगाबिटला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक तार तुटली, टोकाची पिन नीट दाबली गेली नाही, खुर्चीच्या चाकाखाली केबल आली, की पुष्कळदा नेटवर्क कार्ड गुपचूप १०० वर उतरतं. इंटरनेट चालतं, ईमेल येतात, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ बघा. तिथे १००० च्या जागी १०० असेल तर आधी केबल बदला. सर्व्हरच्या बाजूचीही बघा. मधला जुना स्विच मुळातच १०० चा असू शकतो.

आकडा ३० ते ४० असेल आणि लॅपटॉपला यूएसबीचं नेटवर्क अडॅप्टर लावलेलं असेल, तर ते जुन्या यूएसबी २.० पोर्टमध्ये नाही ना, ते तपासा. त्या पोर्टची कमाल मर्यादाच ४८० मेगाबिट आहे.

[श्रोत्यांतून प्रश्न: वाय-फायवर असेल तर?]

चांगला प्रश्न. वाय-फायमध्ये हवा सगळ्यांची मिळून एक. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. डब्यावर लिहिलेला वेग आदर्श परिस्थितीतला असतो, आणि भिंत आली की तो आणखी उतरतो. म्हणून तपासणी करताना वाय-फाय बंद करा आणि केबल लावा. केबलवर वेग आला, तर सर्व्हर निर्दोष आहे.

दुसरी पायरी, डिस्क बाजूला ठेवून फक्त रस्ता मोजायचा. यासाठी आयपर्फ-३ नावाचं फुकट साधन आहे. एका टोकाला ते ऐकत बसतं, दुसऱ्या टोकाकडून नुसता डेटा पाठवायचा. डिस्कवर काही लिहिलं जात नाही. गिगाबिटवर साधारण ९४० मेगाबिट यायला हवेत. चाचणी उलट्या दिशेनेही करा, कारण कधीकधी एकच दिशा आजारी असते. इथे ९४० आले आणि कॉपी तरीही रखडत असेल, तर केबल-स्विचच्या मागे लागू नका. दोष डिस्कमध्ये, प्रोसेसरमध्ये किंवा कामाच्या स्वरूपात आहे.

कामाचं स्वरूप म्हणजे काय? समजा, दहा हजार छोट्या फाइल्स आहेत, प्रत्येकी १० किलोबाइट. सगळ्या मिळून १०० मेगाबाइट. गिगाबिटवर एका सेकंदाचं काम. पण प्रत्येक फाइलसाठी सर्व्हरशी बोलावं लागतं: फाइल तयार कर, लिही, तारीख नोंदव, बंद कर. या बोलाचालीला फाइलमागे २० मिलिसेकंद लागले, तर दहा हजार फाइलींना २०० सेकंद. तीन मिनिटांहून जास्त! रस्ता रिकामा आहे, वेळ विचारपूस करण्यात चाललाय. अशा वेळी फाइल्स झिप करून एकच मोठी फाइल पाठवा, किंवा विंडोजमधली रोबोकॉपी अनेक धाग्यांवर चालवा, म्हणजे बऱ्याच फाइल्स एकदम जातात.

डिस्कचंही असंच. फिरणारी हार्ड डिस्क सलग लिहिताना १५० मेगाबाइटच्या वर सहज जाते. पण मिनिटाला ७२०० फेऱ्या म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. इकडची एक, तिकडची एक फाइल मागितली, की डोकं हलायचं आणि फेरीची वाट बघायची. एका डिस्ककडून सेकंदाला जेमतेम शंभरेक कामं होतात. त्यात रेडची दुरुस्ती किंवा तपासणी चालू असेल तर विचारूच नका. आणि कॉपी सुरुवातीला सुसाट, मग एकदम ढेपाळते, असं झालं तर सुरुवातीचा वेग मेमरीचा होता, नंतरचा डिस्कचा आहे. म्हणून चाचणीची फाइल सर्व्हरच्या मेमरीपेक्षा मोठी घ्या.

कॉपी चालू असताना सर्व्हरचा प्रोसेसरही बघा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, प्रो आणि एंटरप्राइझमध्ये, एसएमबी साइनिंग आपोआप सक्तीचं झालं. प्रत्येक संदेशावर सही करायची आणि ती तपासायची. जुन्या, अशक्त नॅसला हे जड जाऊ शकतं. पण वेग हवा म्हणून सही काढून टाकणं धोक्याचं आहे. वाटेत कुणी डेटा बदलला, तर तो तिच्यामुळेच पकडला जातो.

कुणी "एसएमबी १ चालू करा" असा सल्ला दिला, तर अजिबात ऐकू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय त्याच जुन्या प्रोटोकॉलच्या विंडोजमधल्या दोषातून जगभर पसरला होता. ती आवृत्ती वेगवानही नाही. उलट एसएमबी २ मध्ये फेऱ्या कमी केलेल्या आहेत.

शेवटचं एक सांगतो. सगळं नीट चालू असेल त्या दिवशी तीन आकडे एका कागदावर लिहा: लिंक स्पीड, आयपर्फचा वेग, मोठ्या फाइलचा वेग. तो कागद सर्व्हरवर चिकटवा. पुढच्या वेळी "स्लो आहे" अशी तक्रार आली, की तेच तीन आकडे पुन्हा घ्या. जो बदललाय, तिथून शोध सुरू करा. आणि रात्रीचा बॅकअप पूर्ण झाला का, हे सकाळी आठवणीने बघा.

आता प्रश्न घेऊया.