अल्बसचे हिरवे डोळे आले कुठून?

हॅरी पॉटरचे डोळे थेट आईसारखे, हिरवेगार. त्याच्या आईवडिलांना ओळखणारं जे कोणी भेटतं, ते त्याला हेच ऐकवतं. २००७ साली आलेल्या शेवटच्या पुस्तकाच्या अखेरीस हॅरी आणि जिनीची तीन मुलं दिसतात : जेम्स, अल्बस आणि लिली. त्यांतल्या एकट्या अल्बसने आजीचे डोळे उचललेत. त्याची आई जिनी मात्र तपकिरी डोळ्यांची. मग हे आनुवंशिकतेच्या हिशेबात बसतं का?

अमेरिकेतल्या डॅव्हनपोर्ट दांपत्याने १९०७मध्ये डोळ्यांच्या रंगाला मेंडेलचा नियम लावून पाहिला. तपकिरी रंग प्रभावी, निळा अप्रभावी. मुलाला आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा जनुकाच्या दोन प्रती मिळतात. एक जरी तपकिरी असली तरी डोळे तपकिरी दिसतात आणि फिकी प्रत मागे लपून राहते. सोयीसाठी हिरवाही फिक्यात धरला, तर हॅरीच्या दोन्ही प्रती फिक्या ठरतात.

जिनीचं काय? तिचा सख्खा भाऊ रॉन निळ्या डोळ्यांचा. म्हणजे त्याला आईवडील दोघांकडूनही फिकी प्रत मिळाली असणार. आईवडिलांपैकी एकाचे डोळे निळे असतील, तर जिनीकडे फिकी प्रत हमखास आहे; दोघांचेही तपकिरी असतील, तर ती असण्याची शक्यता तीनात दोन. अल्बस जन्मला आणि हा प्रश्नच मिटला. हॅरी-जिनीच्या प्रत्येक मुलाचे डोळे फिके असण्याची शक्यता निम्मी. बाकीच्या दोघांचे तपकिरी मानले, तर तिघांत नेमकं एकच मूल फिक्या डोळ्यांचं निघण्याची शक्यता आठात तीन, म्हणजे ३७.५ टक्के. लेखिकेने काही अघटित लिहिलेलं नाही!

पडद्यावरच्या हॅरीचे डोळे मात्र निळे आहेत. हिरव्या लेन्सचा डॅनियल रॅडक्लिफला त्रास झाला, म्हणून त्या काढून टाकल्या. आपल्या हिशेबाला त्याने धक्का लागत नाही; निळाही फिकाच.

खरी माणसं मात्र इतकी सरळ नसतात. निळ्या डोळ्यांत निळं रंगद्रव्य नसतंच. बुबुळाच्या पुढच्या थरात मेलॅनिन अगदी कमी असलं, की प्रकाश विखुरतो आणि डोळा निळा भासतो. मेलॅनिन भरपूर असेल तर तपकिरी. त्याचं प्रमाण ठरवण्यात पंधराव्या गुणसूत्रावरच्या ‘ओसीए२’ जनुकाचा मोठा वाटा आहे आणि त्याच्या नळाची चावी शेजारच्या ‘एचईआरसी२’ जनुकात बसलेली. कोपनहेगनच्या संशोधकांनी २००८मध्ये ती दाखवून दिली. पुढे २०२१मध्ये सुमारे १,९५,००० लोकांच्या अभ्यासातून डोळ्यांच्या रंगाशी निगडित आणखी ५० जागा जनुकसंचात सापडल्या. त्यामुळे निळ्या डोळ्यांच्या जोडप्याला तपकिरी डोळ्यांचं मूल क्वचित होऊ शकतं. तेवढ्यावरून कोणी आईवर संशय घेऊ नये.

तरीही डीएनएवरून अंदाज बांधता येतो, निळ्या आणि तपकिरीचा तर बराच खात्रीने. हिरवे आणि घारे डोळे अजून चकवतात. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली २०१२मध्ये राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडला. त्याचे डोळे निळे असण्याची शक्यता ९६ टक्के निघाली आणि केस, निदान लहानपणी, सोनेरी असण्याची ७७ टक्के. त्याच्या हयातीतलं एकही चित्र शिल्लक नाही. मृत्यूनंतर काही दशकांनी रंगवलेलं, लंडनच्या सोसायटी ऑफ अँटिक्वेरीजकडचं कमानीच्या चौकटीतलं चित्र या निष्कर्षाशी सर्वांत जास्त जुळतं.