भांडखोर आयनांना आवरायचं कसं?

चुंबकांची सारखी टोकं जवळ आणलीत, की ती एकमेकांना ढकलतात ना? धनभारित आयनही तसेच भांडखोर! असे अब्जावधी आयन एका झोतात कोंबून जड हायड्रोजनच्या इवल्याशा गोळीवर आदळवायचे. गोळी पुरेशी दाबली गेली, तर अणुसंमीलन होऊन सूर्यासारखी ऊर्जा मिळेल. झोत वाटेतच फाकला, तर मेहनत पाण्यात!

दर वेळी नवं यंत्र बांधणं परवडेल कसं? म्हणून अमेरिकेत बर्कले आणि लिव्हरमोरच्या शास्त्रज्ञांनी 'वार्प' हा कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिला. त्यातला एकेक ठिपका म्हणजे असंख्य आयनांचा प्रतिनिधी, तुमच्या वर्गाच्या मॉनिटरसारखा! ठिपक्यांचा एकमेकांना बसणारा रेटा काढायचा, त्यांना किंचित सरकवायचं, पुन्हा रेटा काढायचा... हजारो वेळा! झोत फाकलाच, तर तो पडद्यावर. यंत्र सुरक्षित!